खेळून बोलणारी माणसं

पंढरपूरच्या माणसाला मोठं क्रिकेट डोळ्यांनी बघायला मिळू लागलं ते अगदी अलीकडे. पुण्यात पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला १९८४ च्या डिसेंबरात, इंग्लंडविरुद्ध. पहिली कसोटी व्हायला तर २०१७ साल उजाडावं लागलं. त्याआधी कसोटी बघायची म्हणजे मुंबई गाठायची, तिकीट मिळवायचं, पाच दिवस कुणाकडे तरी उतरायचं. बुक्क्याच्या दुकानात बसणाऱ्याला, एसटीच्या नोकरीत असलेल्याला, नदीकाठच्या मळ्यात राबणाऱ्याला ते जमणारं नव्हतं. त्याच्याकडे खेळ आला तो कानावाटे. १९५३ साली पुण्याचं आणि १९६३ साली सांगलीचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं, आणि मिडियम वेव्हच्या खरखरीतून सामना भीमेच्या काठावर पोचू लागला.

म्हणून या पुस्तकातल्या आठवणी बघितलेल्या खेळाच्या कमी आणि ऐकलेल्या खेळाच्या जास्त आहेत. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा, माढा या टापूतल्या श्रोत्यांनी त्या सांगितल्या आहेत. विषय एकच आहे: जे आधी स्वतः खेळले आणि मग खेळाबद्दल बोलू लागले, ते खेळाडू आपल्याला कसे आठवतात. विषय साधा दिसतो, पण आठवणी वाचत गेलो तसं माझ्या ध्यानात आलं की इथला माणूस समालोचकाला वेगळ्याच मापाने मोजतो. ते माप त्याला क्रिकेटने दिलेलं नाही.

पंढरपूर हे ऐकणाऱ्यांचं गाव आहे. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चारही वाऱ्यांना वाळवंटात आणि मठामठांत कीर्तनं चालतात. मूल पाळण्यात असल्यापासून त्याच्या कानावर बोलणारी माणसं पडत असतात. कोण पाठ करून आला आहे आणि कोण जगून आला आहे, हे इथल्या श्रोत्याला फार वेळ न घालवता कळतं. दिवे घाट पायी चढलेला कीर्तनकार घाटाचं वर्णन करतो तेव्हा त्यात पायांचा अनुभव बोलत असतो. ज्याने घाट फक्त वाचला आहे, त्याचं वर्णन कदाचित जास्त सुंदर असेल, पण म्हातारी वारकरीण त्याला मान डोलावणार नाही. रेडिओसमोर बसला तेव्हाही पंढरपूरकराचा कान हाच होता. म्हणून खेळून आलेल्या माणसाचा आवाज त्याने लगेच वेगळा ओळखला.

मराठीत हा आवाज पहिल्यांदा ठसठशीतपणे ऐकू आला तो बाळ ज. पंडित यांचा. ते महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले होते. आकाशवाणीवरून त्यांनी वर्षानुवर्षं मराठीत धावतं वर्णन केलं आणि क्रिकेटवर भरपूर लिहिलं. २०१५ च्या सप्टेंबरात पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा नव्या पिढीतल्या कितीतरी जणांना ते कोण होते हे माहीत नव्हतं. या पुस्तकात मात्र ते पानोपानी भेटतात. गंमत अशी, की त्यांनी रणजीत किती धावा केल्या हे एकालाही आठवत नाही. आठवतो तो बोलण्यातला शांतपणा. गोलंदाज धावत निघाला, कुठे टप्पा पडला, फलंदाजाने पुढचा पाय टाकला की मागे राहिला, चेंडू कुणाच्या डावीकडून गेला, हे सगळं एका चेंडूच्या वेळात नीट सांगून व्हायचं. रेडिओवरच्या समालोचकाला विशेषणांची चैन परवडत नाही. ऐकणाऱ्याला चित्र हवं असतं, आणि तो फटका निदान रणजीत तरी स्वतः मारून आलेल्या माणसाला त्या चित्रातलं काय आधी सांगायचं हे ठाऊक असतं. फलंदाज बाद झाल्यावर आपण त्याला शिव्या घालायला तोंड उघडतो. पंडित त्याआधी तो चेंडू का फसवा होता ते सांगत. आमच्या भागातल्या अनेकांनी फलंदाजाला माफ करायला रेडिओवरच शिकून घेतलं.

इथे वि. वि. करमरकरांचं नाव घेतलंच पाहिजे. ते खेळाडू म्हणून नव्हे, तर पत्रकार म्हणून आले. ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या क्रीडापानाला त्यांनी जी उंची दिली तिची बरोबरी मराठीत फार थोड्यांनी केली, आणि आकाशवाणीवरचं त्यांचं मराठी समालोचनही लोकांनी जीव लावून ऐकलं. २०२३ च्या मार्चमध्ये ते गेले. त्यांचं उदाहरण अशासाठी, की न खेळलेला माणूस चांगलं बोलू शकत नाही असं कुणी म्हणू नये. करमरकर संघनिवडीवर, मंडळाच्या कारभारावर, मैदानाबाहेरच्या घडामोडींवर जे बोलत ते खेळाडूच्या तोंडून क्वचितच ऐकायला मिळतं, कारण खेळाडूचे त्या घरात लागेबांधे असतात. खेळाडू आतलं सांगतो आणि पत्रकार आजूबाजूचं. श्रोत्याला दोन्ही लागतं. हे पुस्तक पहिल्यांबद्दल आहे, एवढंच.

पण मला विचाराल तर खेळून बोलणाऱ्यांची आपली परंपरा क्रिकेटच्या आधी कुस्तीच्या फडात बघावी. सोलापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात गावच्या जत्रेला कुस्त्या होणार नाहीत असं गाव सापडणं कठीण. लाल माती, हलगीचा ठेका, कडेने गच्च बसलेली माणसं आणि माईक हातात घेतलेला निवेदक. हा निवेदक बहुतेक वेळा जुना पैलवान असतो. कान मोडलेले, गुडघे बोलायला लागलेले, पण आवाज शाबूत. कोथळीचे शंकर पुजारी यांच्यासारख्या निवेदकांचं नाव तर फडाच्या जाहिरातीवर मोठ्या जोडीच्या बरोबरीने छापलं जाऊ लागलं. निवेदक कोण आहे हे बघून लोक मैदानाला येतात, ही गोष्ट दुसऱ्या कुठल्या खेळात आहे?

कुस्तीचा निवेदक नुसता डाव सांगत नाही. घिस्सा बसला, ढाक लागली, एकचाक टाकलं, झोळी बांधली, हे तर तो सांगतोच, आणि तेही डाव पुरता होण्याआधी, कारण समोरच्याचा हात कुठे सरकतोय यावरून त्याला पुढचं दिसत असतं. पण त्याआधी तो पोराची ओळख करून देतो. पोरगा कुठल्या गावचा, कुठल्या तालमीतला, वस्ताद कोण, बापाने कुणाशी कुस्ती केली होती, आजा कुठल्या मैदानात गाजला होता. पाचशे उंबऱ्यांच्या गावातल्या पोराचं नाव भोंग्यावरून घुमतं आणि त्याच्या घरचे लोक ते आयुष्यभर सांगत राहतात. कुस्ती सुटली की निवेदकाची खरी परीक्षा असते. हरलेल्याची, थकलेल्याची, जखमी झालेल्याची लाज राखून लोकांना टाळ्या वाजवायला लावणं त्यालाच जमतं, ज्याची पाठ कधीतरी मातीला लागलेली आहे. या पुस्तकात कुस्तीवरची प्रकरणं थोडी आहेत याची मला चुटपुट आहे. पुढच्या आवृत्तीत ती वाढावीत.

क्रिकेटकडे परत येतो. विजय मर्चंट हे नाव आता आकडेवारीत उरलं आहे. प्रथम श्रेणीत ७१ हून जास्त सरासरी, आणि ती फक्त ब्रॅडमनच्या खाली. पण साठी-सत्तरी ओलांडलेल्या श्रोत्यांना ते आठवतात विविध भारतीवरच्या ‘क्रिकेट विथ विजय मर्चंट’ या कार्यक्रमामुळे. इंग्रजी न कळणारेही तो लावून ठेवत. एवढा मोठा खेळाडू आपल्या खोलीत येऊन बोलतोय, हेच त्यांना पुरेसं होतं.

मग दूरचित्रवाणी आली आणि समालोचकाचं काम बदललं. चित्र समोर असताना काय सांगायचं, हा नवा प्रश्न होता. ज्यांना त्याचं उत्तर सापडलं त्यांत मुंबईची माणसं बरीच. रवी शास्त्रींनी १० जानेवारी १९८५ रोजी वानखेडेवर बडोद्याच्या तिलकराजला एका षटकात सहा षटकार मारले. पुढे १९ सप्टेंबर २००७ ला डर्बनमध्ये युवराजसिंगने स्टुअर्ट ब्रॉडला सहा षटकार खेचले तेव्हा माईकवर शास्त्रीच होते. जगात हे करून दाखवलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतला एक दुसऱ्याचं वर्णन करतोय! २ एप्रिल २०११ च्या रात्री धोनीच्या षटकाराबरोबर आलेला त्यांचाच आवाज आज कुठल्याही गल्लीतलं पोर हुबेहूब काढून दाखवतं. त्या पोराला शास्त्रींना १९८५ साली मेलबर्नला मिळालेल्या ऑडी गाडीची गोष्ट माहीत नसते. त्याच्यासाठी शास्त्री हा एक आवाज आहे, आणि त्या आवाजात विश्वचषक आहे.

सुनील गावसकरांबद्दल या पुस्तकात सगळ्यांत जास्त पानं आहेत आणि ते योग्यच आहे. इथे पिढ्यांचा फरक उघड दिसतो. ज्यांनी १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या त्या ७७४ धावांच्या बातम्या वर्तमानपत्रात शोधून वाचल्या, त्यांच्यासाठी गावसकर म्हणजे हेल्मेट न घालता उभा राहिलेला बुटका मुलगा. ७ मार्च १९८७ ला अहमदाबादेत दहा हजारावी धाव निघाली तेव्हा ही माणसं रेडिओला कान लावून होती. पण आज चाळिशीत असलेल्या माणसाने गावसकरांना खेळताना पाहिलेलंच नाही. त्याचे गावसकर टीव्हीवरचे. ते हसतात, चिमटे काढतात, कुणी विकेट फेकली की भडकतात. हे दोन गावसकर एकाच घरात बापलेकांच्या वादात भेटतात. मुलगा म्हणतो, एवढं काय बोलतात हे तरुण खेळाडूंना? बाप म्हणतो, त्यांनी बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? मग मुलगा १९७५ च्या विश्वचषकातल्या १७४ चेंडूंत नाबाद ३६ ची आठवण काढतो आणि बाप गप्प होतो.

या वादात मी बापाच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण सांगतो. २८ डिसेंबर २०२४ ला मेलबर्नला ऋषभ पंतने अडचणीच्या वेळी वेडावाकडा फटका मारून विकेट दिली तेव्हा गावसकरांनी ‘स्टुपिड’ हा शब्द तीनदा उच्चारला. तो जगभर गाजला. सहा महिन्यांनी, २०२५ च्या जूनमध्ये लीड्सला त्याच पंतने शतक ठोकलं, तेव्हा त्याच माणसाच्या तोंडून ‘सुपर्ब’ तीनदा आलं. रागावण्याइतक्याच मोकळेपणाने त्यांनी कौतुक केलं. ज्याला खेळाची कळकळ आहे त्याचाच राग असा असतो. आणि १४ मे २०२३ ला चेन्नईत सामना संपल्यावर हेच गावसकर धावत जाऊन धोनीसमोर उभे राहिले आणि अंगातल्या शर्टावर त्याची सही घेतली. दहा हजार धावा केलेला माणूस शाळकरी पोरासारखा सही मागतो, हे दृश्य पाहून इथल्या एका म्हाताऱ्या श्रोत्याने लिहून पाठवलं आहे की मोठेपण म्हणतात ते हेच. मला त्यात एका अक्षराचीही भर घालायची नाही.

संजय मांजरेकरांची गोष्ट निराळी आहे आणि तीही इथे यायलाच हवी होती. १९८९ साली लाहोरला २१८ धावा करणारा हा तंत्रशुद्ध फलंदाज आज लोकांना आठवतो तो २०१९ च्या विश्वचषकात रवींद्र जडेजाबद्दल काढलेल्या टीकेच्या उद्गारांमुळे. उपांत्य सामन्यात जडेजाने ५९ चेंडूंत ७७ धावा केल्या, भारत १८ धावांनी हरला, आणि मांजरेकरांनी जाहीरपणे मान्य केलं की जडेजाने आपल्याला निरुत्तर केलं. लोक पहिलं वाक्य लक्षात ठेवतात, दुसरं विसरतात. हा अन्याय आहे. जो समालोचक कुणालाच दुखवत नाही तो ऐकणाऱ्याला काहीच देत नाही, आणि चूक ठरल्यावर कबूल करणारे त्याहून दुर्मीळ.

खेळाडूचा खेळ मागे पडून त्याचं बोलणंच लक्षात राहतं, हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडच्या गॅरी लिनेकरने १९८६ च्या फुटबॉल विश्वचषकात सहा गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. मग १९९९ पासून २०२५ पर्यंत तो बीबीसीवर ‘मॅच ऑफ द डे’ सादर करत राहिला. तिथल्या दोन पिढ्यांना तो गोल मारणारा म्हणून नव्हे, तर शनिवारी रात्री गोल दाखवणारा म्हणून माहीत आहे. फुटबॉलवेड्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेल्या कुणालाही विचारा, पेठेपेठेच्या तालमींच्या सामन्यांत जुन्या खेळाडूच्या मताला आजही केवढी किंमत आहे ते तो सांगेल. फक्त तिथे माईक नसतो, चहाची टपरी असते.

आता आपल्या मातीतल्या माणसाकडे येतो. केदार जाधव वाढला पुण्यात, पण घराणं मूळचं माढा तालुक्यातल्या जाधववाडीचं. माढा म्हणजे पंढरपूरचा शेजारी, त्यामुळे इथे त्याच्याबद्दल बोलताना लोक एकेरीत बोलतात आणि तो हक्क त्यांना आहे. रणजीत एका हंगामात १,२२३ धावा, उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७, तरी भारतीय संघाचं दार उघडायला २०१४ साल आणि वयाची एकोणतिशी यावी लागली. १५ जानेवारी २०१७ ला गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडने ३५० धावा केल्या, भारताचे चार गडी ६३ वर गेले आणि केदार आला. ७६ चेंडूंत १२० धावा, कोहलीबरोबर २०० धावांची भागी, आणि सामना जिंकला. त्या रात्री माढ्यापासून पंढरपुरापर्यंत कुणी लवकर झोपलं नसेल.

२०२३ च्या आयपीएलमध्ये हाच केदार जिओ सिनेमावर मराठीतून समालोचन करत होता. त्याच्याबरोबर धवल कुलकर्णीचाही आवाज होता. स्पर्धा अर्ध्यावर असताना, १ मे रोजी, बंगळुरूच्या संघाने डेव्हिड विलीच्या जागी केदारला एक कोटी रुपयांत घेतलं. माईक ठेवला आणि बॅट उचलली! खेळाडू निवृत्त होऊन माईककडे जातो हा नेहमीचा क्रम, तो इथे उलटा झाला. पुढच्या वर्षी, ३ जून २०२४ ला, त्याने खेळातून निवृत्ती घेतली.

मला केदारचं मराठी समालोचन आवडलं ते त्याच्या बोलण्यात घर होतं म्हणून. तो क्रिकेटर म्हणून भाषण देत नव्हता. नेटमध्ये, बसमध्ये, ड्रेसिंगरूममध्ये मराठी मुलं एकमेकांशी जसं बोलतात तसं बोलत होता. वाकून, हात खाली नेऊन टाकलेल्या त्याच्या त्या चेंडूने भल्याभल्यांना चकवलं होतं. आता एखादा गोलंदाज वेग कमी करायचा तेव्हा तो कशासाठी, हे केदारकडून ऐकताना त्या चेंडूंमागचं डोकं कळायचं.

पण सगळं असंच असतं तर बरं झालं असतं. दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर मराठी समालोचन आलं याचा आनंद आहेच. स्नेहल प्रधानसारखी, भारताकडून खेळून नंतर उत्तम बोलणारी आणि लिहिणारी पुण्याची मुलगी घडली, याचा अभिमान आहे. तरीही बरंचसं मराठी समालोचन आज हिंदीची वाक्यं मराठी शब्दांत ओतून चालतं. प्रत्येक चौकाराला किंचाळायचं, यमक जुळवायचं, सिनेमाचे संवाद टाकायचे. बाळ पंडितांना ऐकलेल्या कानाला ते टोचतं. कुस्तीचा निवेदक तरी त्याहून संयमी असतो, कारण समोर बसलेला शेतकरी त्याला सोडणार नाही हे त्याला माहीत असतं. वाहिन्यांनी रणजी खेळलेल्या, जिल्हा पातळीवर घाम गाळलेल्या मराठी खेळाडूंना बोलायला शिकवावं. नावाजलेल्या चेहऱ्यांपेक्षा ते जास्त उपयोगी पडतील. इथला श्रोता मोठ्या नावाला एक दिवस ऐकतो आणि खरं बोलणाऱ्याला रोज.

आठवणी गोळा करताना एक गोष्ट वारंवार दिसली. लोकांना तारखा चुकीच्या आठवतात, धावा चुकीच्या आठवतात, कधी सामनाही दुसराच असतो, पण बोलणारा कोण होता हे कुणी चुकत नाही. संपादकांनी असे तपशील जिथे ठळकपणे चुकले तिथेच दुरुस्त केले आहेत. बाकी जसं सांगितलं तसं ठेवलं आहे, आणि मला ते पटतं. आकडे वार्षिकांत मिळतात. कुठल्या घरात कुणाच्या आवाजावर भाकऱ्या जेवल्या गेल्या, हे मात्र सांगणारी माणसं आहेत तोवरच कळेल.

बाळ पंडितांचं समालोचन आज ऐकायचं म्हटलं तर सहज हाती लागत नाही. कुस्तीच्या जुन्या निवेदकांचं तर बहुतेक सगळंच हवेत विरलं. वाचकांना माझी विनंती आहे: तुमच्या घरात एखादी जुनी कॅसेट असेल, जत्रेतल्या मैदानाचं चित्रीकरण असेल, कुणी वडीलधारं रेडिओवरचं वर्णन आजही बोलून दाखवत असेल, तर ते आताच उतरवून घ्या आणि आमच्याकडे पाठवा. दुसऱ्या भागाचं काम सुरू झालं आहे.